चौथं नाव

माझ्या सुनेचं नाव चौथं होतं म्हणून तिला कायमची नोकरी मिळाली नाही. आधी हे ऐकून घ्या, मग बाकीचं सांगते. तिला शिकवता येत नसतं तर मी गप्प बसले असते. मुलाखतीत ततपप केलं असतं तरी गप्प बसले असते. पण नाव चौथं! अहो, रेशनच्या रांगेत चौथ्या माणसालासुद्धा तांदूळ मिळतात.

मी सत्यवती वैती. राहणार कामण. वसई-भिवंडी रस्त्याला लागूनच आमचं घर आहे. घरामागे खाडीपर्यंत भातशेती होती, त्यातली थोडी अजून आम्ही लावतो. बाकी जिकडे बघाल तिकडे गोडाऊन. मी ग्रामपंचायतीत दोनदा निवडून आलेली बाई आहे. त्यामुळे समिती म्हणजे काय, ठराव कसा होतो आणि सभेत होण्याआधी तो कुठे होऊन जातो, हे मला कोणी शिकवायला नको. आवाज माझा मोठा आहे. माझा मुलगा प्रितेश म्हणतो, आई फोनवर बोलते तेव्हा फोनची गरजच नसते. असू दे. आज मी हळू बोलणार नाही.

माझी सून क्षितिजा. माहेरची आचरेकर. मूळचे कोकणातले, वडील मुंबईत सरकारी नोकरीत, वसई रोडला फ्लॅट. प्रितेश आणि ती एकाच कॉलेजात होते, तिथेच जमलं. लग्नाच्या वेळी आमच्या भावकीत कुजबुज, की ही गणिताची बाई शेतात उतरेल का? मी म्हटलं, लावणीला माणसं मिळतात रे, गणिताला मिळत नाहीत. झाली सगळ्यांची तोंडं बंद. शेतात ती उतरलीसुद्धा, आणि रोपांची ओळ वाकडी लावली तीही मीच नंतर सरळ केली, ते जाऊ दे. घरातलं तिला सगळं येतं, फक्त मध्येच हरवते. दूध उतू जात असतं आणि ही शेगडीच्या समोरच उभी असते. पहिल्यांदा मला वाटलं, पोरीला काहीतरी झालंय. नंतर कळलं, तिला काहीतरी सुचलंय. तेव्हापासून दूध मी तापवते.

माणिकपूरच्या एका कॉलेजात ती गणित शिकवते. कॉलेजचं नाव घेत नाही, उगाच त्यांची जाहिरात कशाला? शिकवते ती तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास तितकी नोकरी. परीक्षा झाल्या की नोकरी संपली, जूनमध्ये पुन्हा अर्ज करा, पुन्हा मुलाखत द्या, पुन्हा सांगा की मी तीच, गेल्या वर्षीची. खुशी, माझी नात, जन्मली तेव्हा हिला बाळंतपणाची रजा नव्हती. कारण रजा नोकरीला असते, तासाला कुठली रजा? खुशी आता पाचवीत आहे. इतकी वर्षं ही बाई दर जूनमध्ये नवी कोरी होते.

एकदा मी विचारलंच, बाय माझे, तू नक्की करतेस काय? ती मला घराबाहेर घेऊन गेली. रस्त्यावर ट्रेलरची रांग लागली होती, नेहमीसारखी. म्हणाली, "आई, समजा एकच लेन आहे. ओव्हरटेक नाही, मागे जाणं नाही. पुढची जागा मोकळी झाली तरच गाडी सरकणार, आणि तीही ड्रायव्हरच्या लहरीवर. कोणी लगेच सरकेल, कोणी तंबाखू मळत बसेल. एका गाडीचं काय होईल ते कोणीच सांगू शकत नाही. पण अख्खी रांग किती वेळात किती पुढे जाईल आणि त्यात कमीजास्त किती होईल, याचं सूत्र निघतं. अंदाज नाही, नेमकं सूत्र." संभाव्यतेच्या गणितात असे नेमके सुटणारे प्रश्न फार थोडे असतात म्हणे. बाकी सगळीकडे अंदाजावर भागवावं लागतं. जगातली काही माणसं या थोड्या प्रश्नांमागे जन्म घालवतात, त्यातली एक आमची.

मी म्हटलं, "मग ही रांग हलायला काही उपाय निघतो का त्यातून?"

"नाही," म्हणाली. निदान 'बघू' तरी म्हणावं! पण खोटं बोलायचं नाही ना, तोच तिचा दोष.

तिचा संशोधनाचा पेपर कसा झाला ते सांगते, कारण सगळं रामायण त्या पेपरावरून आहे. लॉकडाऊनमध्ये सगळी व्याख्यानं मोबाईलवर व्हायची. तेव्हा बंगळुरूच्या एका संस्थेतल्या प्राध्यापक बाई या रांगेच्याच गणितावर बोलत होत्या. ब्रेंडा अल्मेडा. आमच्या वसईच्याच, भुईगावच्या, पण ते तेव्हा क्षितिजाला ठाऊक नव्हतं. हिने शेवटी विचारलं, रांगेत एका जागी गेट असेल आणि तिथे प्रत्येक गाडीला जरासा उशीर होत असेल, त्याचा विचार झालाय. पण अशी दोन गेटं जवळजवळ असली तर? ब्रेंडाबाई थांबल्या. म्हणाल्या, तुम्ही जाऊ नका, बाकीचे गेले की आपण बोलू. ते बोलणं पुढे काही वर्षं चाललं. त्यात ब्रेंडाचा विद्यार्थी जेम्स केनी आला, जपानचे एक मोरिता म्हणून आले. सुरुवातीची युक्ती क्षितिजाची. त्यात एक भोक होतं, ते त्या पोराने, केनीने, दाखवलं आणि त्यानेच बुजवलं. आकडेमोडीचा डोंगर मोरितांनी फोडला. ब्रेंडाने सगळं एका धाग्यात ओवलं. हे मला क्षितिजानेच सांगितलंय. दुसऱ्यांचं ती इतकं सांगते की स्वतःचं सांगायचं राहूनच जातं.

पेपर छापून आला तेव्हा तिने मला दाखवला. इंग्रजी नावं मला वाचता येतात. अल्मेडा, केनी, मोरिता, वैती. मी म्हटलं, "हे काय? तुझं नाव शेवटी?" आता तुम्हीच सांगा, आमच्यात लग्नपत्रिका छापतात तेव्हा कोणाचं नाव कोणाच्या वर यावरून सख्खे भाऊ मांडवात जेवत नाहीत. शेवटी नाव म्हणजे कोण? तर ज्याला वगळता आलं नाही तो. ती हसली. म्हणाली, "आई, गणितात एबीसीडीप्रमाणे लावतात. वैती शेवटीच येणार." मला पटलं नाही, पण तिला वाईट वाटत नव्हतं तर मी कशाला वाटून देऊ?

मग दोन गोष्टी एकदम झाल्या. ब्रेंडाच्या मनात आलं की या विषयाची छोटी कॉन्फरन्स भरवायची, आणि ती वसईतच, क्षितिजाच्या कॉलेजात. आणि त्याच सुमारास किती वर्षांनी कॉलेजला गणिताची एक कायमची जागा भरायची परवानगी आली. एकच जागा. वर्तमानपत्रात जाहिरात आली तेव्हा प्रितेशने ती मला दोनदा वाचून दाखवली. मी देवापुढे साखर ठेवली. म्हटलं, परदेशातून माणसं हिच्यासाठी कॉलेजात येणार, आता ही जागा दुसऱ्या कोणाला देतील तर त्यांना डोळेच नाहीत म्हणायचे.

डोळे होते हो. कुठे बघायचं ते आधीच ठरलेलं होतं.

कॉन्फरन्सच्या पहिल्या दिवशी मी गेले. तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं घेऊन गेले, कारण कॅन्टीनचं जेवण मी चाखलेलं आहे. हॉलमध्ये तीसेक माणसं. सगळी साधी, चुरगळलेले शर्ट, पाठीवर पिशव्या. आणि स्टेजवर आमचे अध्यक्षसाहेब, म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, कडक इस्त्रीत. त्यांनी गणिताची किती भीती वाटायची यावर भाषण केलं, मग नशिबावर केलं, मग संस्थेच्या नव्या इमारतीवर केलं. पाहुणे खडू हातात धरून बसलेले. मग सत्कार. पहिला मान पहिल्या लेखकाला! ब्रेंडा अल्मेडांना शाल, श्रीफळ आणि हा एवढा गुच्छ. मग केनीला शाल आणि जरा लहान गुच्छ. मोरितांना नुसतं श्रीफळ. कोणीतरी ऑफिसात बसून पेपरावरच्या नावांप्रमाणे गुच्छ मोजून आणले होते!

आणि क्षितिजा कुठे? स्टेजवरच होती. शालींचं तबक धरून उभी होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिच्या प्रश्नावरून हा पेपर निघाला, जिच्या शब्दावर ही माणसं आली, ती तबक धरून, आणि ज्यांना यातलं ओ का ठो कळत नाही ते शाली उचलून वाटतायत! ब्रेंडा संकोचून गेली होती, क्षितिजाकडे बघत होती. केनीने शाल काढून मांडीवर ठेवली. क्षितिजा मात्र शांत. तिचं लक्ष फळ्याकडे होतं, तो नीट पुसलाय का म्हणून.

दुपारी जेवताना मी एका कोपऱ्यात धुसफुसत बसले होते. शेजारी एक सर येऊन बसले. कृष्णा दळवी. मोठ्या विद्यापीठातले प्राध्यापक, याच विषयातले. माझी भाकरी खाल्ली, बिरडं पुन्हा मागून घेतलं, मला आई म्हणाले. मी त्यांना सरळ विचारलं, "सर, चौथं नाव म्हणजे चौथी का हो माझी सून?"

ते मोठ्याने हसले. म्हणाले, "आई, अजिबात नाही. रसायनवाल्यांत तसं असेल, आमच्यात नाही. आम्ही एबीसीडीने नावं लावतो, कोणाचं किती ते बाहेर सांगत नाही. माझंच बघा, दळवी, 'डी', म्हणून मी कायम पुढे. त्यात माझं कर्तृत्व शून्य! ज्याला गणित कळतं त्याला कोणी विचारलं तर तो हेच सांगेल."

किती बरं वाटलं मला. म्हटलं, सज्जन माणूस. जाताना त्यांना उरलेल्या भाकऱ्या बांधून दिल्या. त्या भाकऱ्यांची आठवण आली की अजून माझा जीव चडफडतो.

क्षितिजाचं व्याख्यान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. मी पुन्हा गेले, मागे बसले. मला त्यातलं काही कळलं नाही आणि कळल्याचं सोंगही मी करत नाही. पण माणसांची तोंडं मला वाचता येतात. आधीच्या व्याख्यानांना कोणी लॅपटॉपमध्ये बघत होता, कोणी डुलक्या घेत होता. हिने फळ्यावर एक लांब रेघ मारली, तिच्यावर ठिपके काढले, दोन उभ्या खुणा केल्या, आणि हळूहळू सगळे पुढे सरकून बसले. ही बाई घरी चार वाक्यं बोलत नाही, तिथे फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती, पदर खोचलेला, हात खडूने पांढरे. कोणीतरी मध्येच काही विचारलं. ती थांबली, विचार केला, म्हणाली, "हे मला माहीत नाही." आणि त्या विचारणाऱ्या माणसाला केवढा आनंद झाला! मला वाटलं आता हिची फजिती. तर तिथे माहीत नाही म्हणणं हाच मोठा मान. चहा आला, निवला, कोणी उठलं नाही. दळवी सर पहिल्या रांगेत बसून भराभर उतरवून घेत होते.

संध्याकाळी ब्रेंडाने सगळ्यांना भुईगावला आपल्या घरी नेलं. मलाही ओढून नेलं. वाडीत केळी, सुपारी, मागे समुद्राचा आवाज. मंडळी किनाऱ्यावर फिरायला गेली तेव्हा आम्ही तिघी ओट्यावर बसलो होतो. मी ब्रेंडाला म्हटलं, "बाई, तुम्ही मोठ्या. तुम्ही एकदा त्या अध्यक्षाला सांगा की डोकं माझ्या सुनेचं होतं. तो मुलाखत घेणार आहे. त्याला नाव पहिलं दिसतं, तेवढंच कळतं."

ब्रेंडा म्हणाली, "मावशी, आम्ही असं सांगत नाही कधी. पण क्षितिजाच्या नोकरीचा प्रश्न असेल तर मी उद्याच जाऊन सांगते. ती हो म्हणू दे फक्त."

क्षितिजा नाही म्हणाली.

मी तिथेच ओरडले. रागावले की माझं पुस्तकी मराठी पळून जातं. "नाय कशाला बोलतेस? आं? तुला कोन विचारनार हाय मंग?"

ती म्हणाली, "आई, ब्रेंडा माझ्यासाठी बोलली की जेम्सचं काय? त्याला अजून नोकरी नाही. युक्ती हिची म्हटलं की लगेच लोक विचारणार, मग त्याने काय केलं? त्याने भोक दाखवलं नसतं तर माझी युक्ती चुकीचीच होती. आणि आज मोजायला लागलो ना, की उद्या कोणी कोणाला अर्धवट सुचलेलं सांगणारच नाही. प्रत्येक जण झाकून ठेवेल. मी मुलाखतीत पद्धत काय असते ते सांगेन. विषयाचे तज्ज्ञ असतातच तिथे, ते सांगतील."

बघा! स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताना दुसऱ्याच्या पायाची काळजी. मी परत येताना रिक्षात तिच्याशी एक शब्द बोलले नाही. पण आतून मला तिचं म्हणणं कळत होतं, याचाच जास्त राग आला.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी बातमी आली की बाहेरचे विषयतज्ज्ञ म्हणून कृष्णा दळवी येणार. मी देवापुढे पुन्हा साखर ठेवली. प्रितेशला म्हटलं, झालं काम. ज्या माणसाने माझ्यासमोर जेवता जेवता सांगितलं की पहिलं-चौथं काही नसतं, तोच तिथे बसणार! क्षितिजासुद्धा त्या दिवशी जरा हलकी होती. माझ्या लग्नातली हिरवी साडी मागून घेतली. इतक्या वर्षांत तिने मागून घेतलेली ती पहिली वस्तू.

आत काय झालं ते तिने घरी येऊन सांगितलं. सांगताना भाजी निवडत होती.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, पेपर चांगल्या ठिकाणी आहे, पण तुमचं नाव शेवटी. म्हणजे तुम्ही मदतनीस." हिने सांगितलं, गणितात नावं वर्णानुक्रमे लावतात, चौघांचं काम आहे. समितीतला एक शहाणा म्हणाला, "मग लग्नाआधीचं आचरेकर लावायचंत! पहिल्या आला असतात!" सगळे हसले. ही म्हणाली, "हो सर, आले असते. काम तेच राहिलं असतं."

मग अध्यक्ष दळवींकडे वळले. "सर, तुम्ही तज्ज्ञ. असं खरंच असतं का हो?"

दळवी सर पाणी प्यायले. पेनाचं टोपण लावलं. आणि म्हणाले, "तसं ते विषयानुसार, जर्नलनुसार वेगवेगळं असतं. सरसकट काही सांगता येत नाही."

नरो वा कुंजरो वा! ऐकलंत? हो म्हटलं असतं तर एक शब्द लागला असता. नाही म्हटलं असतं तर निदान सरळ खोटं ठरलं असतं. पण हा माणूस असा बोलला की उद्या कोणी धरलं तर म्हणेल, मी कुठे नाही म्हटलं? ज्यांना कळत नाही त्यांच्यावर मी काय रागावू? अध्यक्षाला गुच्छापलीकडे गणित कळत नाही, गाढवाला गुळाची चव काय! पण याला कळत होतं. याने तिचं व्याख्यान उतरवून घेतलं होतं. त्या खोलीत एकच माणूस होता ज्याला तिची किंमत ठाऊक होती, आणि त्यानेच ती दाबली. कुंपणानेच शेत खाल्लं.

जागा दुसऱ्याला मिळाली. संस्थेतल्या कोणाच्या तरी नात्यातला मुलगा. त्याचे पेपर पुष्कळ, सगळ्यांवर पहिलं नाव त्याचंच, कुठे छापले ते विचारू नका. त्या मुलाशी माझं भांडण नाही. त्याने अर्ज केला, त्याला मिळाली. कॉलेजने क्षितिजाला निरोप पाठवला, तासिका चालू ठेवा, एम.एस्सी.ला संभाव्यता शिकवायला कोणी नाही.

क्षितिजा म्हणाली, "ठीक आहे, आई. मुलं तरी तीच आहेत." मी ताट आपटलं. "ठीक नाय! काय ठीक हाय?" ती उठून खुशीचा अभ्यास घ्यायला गेली. मला वाटायचं, ही बाई दगडाची आहे की काय? रड तरी! भांड तरी! मी अध्यक्षांकडे जाऊन भांडून आले, माणिकपूरच्या त्या ऑफिसात माझा आवाज रिक्षास्टँडपर्यंत गेला असेल. त्यांनी मला चहा दिला आणि तज्ज्ञांच्या अभिप्रायाचा कागद दाखवला. खाली सही, कृष्णा दळवी.

त्यानंतर एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, घरासमोर गाडी थांबली आणि दळवी सर उतरले. हातात मिठाईचा पुडा. मी दारातूनच हाकलणार होते, पण क्षितिजा म्हणाली, "आई, पाणी द्या त्यांना." दिलं. आमच्या घरातून अजून कोणी पाण्यावाचून गेलेलं नाही.

सर खुर्चीत बसून बोलत राहिले. फार वाईट वाटलं म्हणे. आधीच ठरलं होतं सगळं, मी एकटा काय करणार, बोललो असतो तरी फरक पडला नसता, उलट पुढच्या वेळी मला बोलावलंच नसतं, मग तुमच्यासारख्यांची बाजू घेणारं कोण राहिलं असतं? मी म्हटलं, "घेतलीत कधी?" त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. पुडा क्षितिजापुढे सरकवला. मग आवाज बदलून म्हणाले, "मॅडम, तुमच्या त्या व्याख्यानावर मी विचार करतोय. दोनच्या ऐवजी तीन गेटं घेतली तर काहीतरी सुंदर होतंय. पण मी एका जागी अडकलोय." आणि खिशातून कागद काढला.

क्षितिजाने कागद घेतला. आणि काय सांगू, तिचा चेहरा उजळला! गेले कित्येक दिवस पडलेला चेहरा त्या कागदावर खुलला. ती खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसली, बोट ठेवून म्हणाली, "इथे नाही चालणार सर, हे असं घ्यावं लागेल," आणि लिहायला लागली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तोंडात पदर कोंबला होता मी, नाहीतर काय बोलले असते देव जाणे. ज्याने गळा दाबला त्यालाच ही शिकवतेय! सर माना डोलावत होते, वा, वा, करत होते. म्हणाले, "आपण दोघं मिळून करू. फार चांगला पेपर होईल."

तिने पेन थांबवलं. वर न बघता विचारलं, "आणि नावं कशी लावायची, सर?"

"त्यात काय विचारायचं?" दळवी सर हसले. अगदी सहज, त्या दिवशी बिरडं खाताना हसले होते तसेच. "वर्णानुक्रमे. आपल्यात तसंच असतं ना."

प्रितेश टीव्ही बघत होता, त्याने आवाज बंद केला. सरांना स्वतःला अजून कळलं नव्हतं आपण काय बोललो ते. मग कळलं. त्यांनी ग्लास उचलला, तो रिकामा होता.

क्षितिजाने आपण लिहिलेला कागद उचलला आणि उभा फाडला, मग आडवा फाडला. "उठा, सर," म्हणाली.

"मॅडम, तुम्ही गैरसमज करून—"

"उठा. माझ्या घरातून उठा."

ते गेले. पुडा मी त्यांच्यामागे जाऊन गाडीच्या टपावर ठेवला, माझं तेवढंच काम उरलं होतं. परत आले तर ती ओटीवर उभी होती, फाटलेले तुकडे मुठीत. मी तिला धरायला गेले तर तिने माझे दोन्ही दंड धरले, दुखेपर्यंत घट्ट.

"आई, ती जागा माझी होती," ती म्हणाली. मी म्हटलं, होतीच पोरी. पण तिला माझं ऐकायचं नव्हतं. "माझी होती ती जागा," ती पुन्हा म्हणाली, आणि मग रस्त्यावरचे ट्रेलरवाले वळून बघायला लागले इतक्या मोठ्याने ओरडली, "माझी होती!"